आइस क्यूबला ग्रुपमधून हाकललं नव्हतं हो!

आइस क्यूब म्हणजे एनडब्ल्यूए या अमेरिकन रॅप ग्रुपमधला रॅपर. 'एनडब्ल्यूएवाल्यांनी आइस क्यूबला हाकललं', हे इतकी वर्षं फिरतंय की लोकांना खरंच वाटतं. अहो, तो स्वतः गेला, 1989 च्या शेवटी, आणि भांडण पैशाचं होतं. ग्रुपची बरीच गाणी यानेच लिहिलेली, ग्रुपमधल्याच ईझी-ईच्या सोलो अल्बमचीसुद्धा, पण लेबल (गाणी काढणारी कंपनी) ईझीचं, हिशोब मॅनेजर जेरी हेलरकडे, आणि समोर आलेल्या काँट्रॅक्टवर याने सहीच केली नाही. नंतर ग्रुपने गाण्यात याला गद्दार म्हटलं, आता हाकललेल्याला कोणी गद्दार म्हणतं का? ग्रुप सोडल्यावर आइस क्यूबने न्यूयॉर्कला जाऊन पब्लिक एनिमी या दुसऱ्या रॅप ग्रुपच्या प्रोड्युसर टीमसोबत 1990 चा सोलो अल्बम केला. लेंच मॉब हे स्वतःचं लेबलही काढलं.