उलटी-जुलाब झाले की घरी किती थांबावे आणि डॉक्टरांकडे कधी धावावे
(कुत्रा-मांजर पाळणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी, दांडिया बाजार, वडोदरा)

कुत्र्या-मांजरांचे खाणे घ्यायला येणारे ग्राहक बरेचदा विचारतात, "जुलाब थांबवायचे काही आहे का?" आम्ही ते देत नाही. पातळ संडास साध्या अपचनाने होते, तशीच पार्वो या विषाणूच्या आजाराने, विषबाधेने किंवा आतड्यात अडकलेल्या वस्तूनेही होते. पहिल्या दिवशी सगळे सारखेच दिसते. उलट्या मोजण्यापेक्षा जनावराकडे बघणे जास्त उपयोगाचे.

वरचा ओठ उचलून हिरडी पाहा. ती गुलाबी आणि ओलसर हवी. बोटाने दाबून सोडली की पांढरी झालेली जागा २ सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. हिरडी चिकट लागत असेल तर अंगातले पाणी कमी झाले आहे. पांढुरकी, निळसर, पिवळी किंवा विटकरी लाल दिसली तर लगेच निघा. काही जातींच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, त्यांची खालची पापणी ओढून आतला रंग पाहा. मानेवरची कातडी चिमटीत उचलून सोडा, ती झटकन बसायला हवी. ही तपासणी जनावर ठणठणीत असतानाही एकदा करून ठेवा, म्हणजे नेहमीचे काय ते हाताला कळते.

ताप गुदद्वारातून मोजतात. साधा डिजिटल थर्मामीटर घ्या, टोकाला व्हॅसलीन लावा आणि सुमारे २ सेंटिमीटर आत ठेवा. कुत्र्या-मांजराचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, त्यामुळे १०१ पाहून घाबरू नका. १०४ च्या वर किंवा ९९ च्या खाली असेल तर वाट पाहू नका.

घरी थांबायचे ते फक्त वयाने मोठ्या, लसीकरण झालेल्या कुत्र्यासाठी, आणि तेही एक-दोनदाच उलटी झाली आहे, शेपूट हलते आहे, पाणी पोटात टिकते आहे, रक्त कुठेच नाही अशा वेळी. त्याला ८ ते १२ तास खायला देऊ नका. पाणी थोडे थोडे द्या. १० किलोच्या कुत्र्याला दर अर्ध्या तासाने ३-४ चमचे पुरतात. भांडेभर पाणी एकदम प्याला की पुन्हा ओकतो. मग एक भाग उकडलेले, कातडी-हाडे काढलेले चिकन आणि दोन भाग गिजगा भात द्या. मीठ, हळद, फोडणी काही नको. घरात मांसाहार चालत नसेल तर साय काढलेल्या दुधाचे घरचे पनीर चालते. दर ३-४ तासांनी दोन मोठे चमचेच द्या. दूध देऊ नका, त्याने जुलाब वाढतात. २४ तासांत स्पष्ट फरक पडला नाही तर डॉक्टरांना दाखवा. फरक पडला तर नेहमीचे खाणे ३-४ दिवसांत हळूहळू मिसळत आणा.

पिल्लाला आणि मांजराला उपास घडवू नका. पिल्लाची साखर चटकन उतरते. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले तर अंगातली चरबी यकृतात साचते आणि त्यातून ते दगावू शकते. म्हणून मांजराने २४ तास तोंड लावले नाही तर फोन करा.

ज्यात एक तासही घालवू नये अशा काही गोष्टी आहेत. कोरडे उमासे येतात पण बाहेर काही पडत नाही, पोट डब्ब फुगले आहे, कुत्रा अस्वस्थ फिरतो आहे: जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन, डॉबरमन अशा खोल छातीच्या कुत्र्यांत जठर पीळ खाऊन फिरते, आणि तेव्हा शस्त्रक्रियेवाचून इलाज नसतो. उलटीत कॉफीच्या गाळासारखे कण किंवा डांबरासारखी काळी शी म्हणजे जठरात किंवा आतड्याच्या वरच्या भागात रक्तस्राव. बोका लिटर ट्रेमध्ये बसून कुंथत असेल तर बद्धकोष्ठ समजून औषध देऊ नका, बहुधा लघवी अडलेली असते आणि त्यात एक-दोन दिवसांत जीव जातो. मे महिन्याच्या उन्हात धापा टाकत उलटी-जुलाब झाले तर तो उष्माघात; नळाच्या पाण्याने अंग भिजवा, पंखा लावा आणि निघा.

आपल्या गावातल्या काही गोष्टी. उत्तरायणानंतर गच्चीवर मांजा पडलेला असतो. मांजराच्या जिभेवरचे काटे मागे वळलेले असल्याने दोरा तोंडात गेला की थुंकता येत नाही, आतच सरकतो. नाडी ओढल्यावर जशा चुण्या पडतात तशी आतडी गोळा होतात आणि कापली जातात. तोंडातून किंवा मागून लोंबणारा दोरा कधीही ओढू नका. केसरच्या दिवसांत कुत्रा आंब्याची कोय गिळतो आणि ती आतड्यात अडकते. सेव-उसळीच्या तर्रीतला कांदा-लसूण शिजला तरी विषारीच राहतो. उलटी थांबून कुत्रा बरा वाटतो, आणि २ ते ५ दिवसांनी तांबड्या पेशी फुटून हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी गडद होते. द्राक्षे, मोदकातले बेदाणे आणि आमटीतली चिंच यांत टार्टारिक आम्ल असते, ते कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरते. यापैकी काही खाल्ल्याचे कळले तर लक्षणे दिसायच्या आधीच फोन करा. विश्वामित्री नदीचे पाणी वस्तीत आल्यानंतर ताप, उलट्या आणि पिवळेपणा दिसला तर लेप्टोस्पायरोसिसची (दूषित पाण्यातून होणाऱ्या जंतुसंसर्गाची) शंका घ्या. तो माणसालाही होतो, म्हणून हातमोजे घालूनच साफसफाई करा.

मिठाचे पाणी पाजून ओकवू नका, रक्तात सोडियम वाढून झटके येतात. तेल ओतू नका, ते फुप्फुसात जाते. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेते, आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या जठराला व्रण पडतात.

डॉक्टरांकडे जाताना झाकणाच्या स्वच्छ डबीत ताजी शी, उलटीचा फोटो, लसीचे कार्ड, आणि जे खाल्ले असेल त्याचे वेष्टन न्या. पहिली उलटी किती वाजता झाली ते लिहून ठेवा. लस अपुरी असलेल्या पिल्लाला दुर्गंधी येणारे रक्ताळ जुलाब होत असतील तर आधी फोन करून "पार्वो असू शकेल" असे सांगा, आणि बोलावेपर्यंत त्याला गाडीतच किंवा मांडीवर ठेवा, जमिनीवर सोडू नका. हा विषाणू महिनोन्‌महिने टिकतो आणि फिनेलवर भरवसा ठेवता येत नाही. घरी एक भाग ब्लीच तीस भाग पाण्यात मिसळून आधी धुतलेल्या फरशीवर १० मिनिटे राहू द्या.