घसरला की अडखळला?

हॉटेलच्या किचनमध्ये कोणी पडलं की एकच वाक्य ऐकू येतं, "पाय घसरला." लगेच फरशीवर सोडा, ब्रश आणि धुणाऱ्या पोराला शिव्या. इंदुरात केटरिंगची कामं करताना हे इतक्यांदा ऐकलंय की आता मी आधी विचारतो, पाठीवर पडला की तोंडावर?

घसरणाऱ्याची टाच टेकते, पण पकड मिळत नाही. पाय पुढे पळतो, धड मागे राहतं आणि माणूस माकडहाडावर आपटतो, कधी डोक्यावर. अडखळणाऱ्याचं उलटं. पाय अडतो आणि धड पुढे जातं. मार बसतो मनगटाला, गुडघ्याला, नाकाला. हातात तपेलं असलं तर तपेलं आधी जातं, आणि समोर भट्टीवर कढई असली तर पुढचं सांगायला नको.

घसरण्याचं मूळ तेलात. पाणी पातळ असतं, पावलाखालून चटकन बाजूला होतं. तेल दाट, ते तळव्याखाली थर धरून बसतं. म्हणून नुसत्या पाण्यासाठी चालणारी खरखरीत फरशी तेलाला पुरत नाही. थंडीत तर आणखी गंमत. गराडू (इकडचा कंद) तळण्याचे दिवस, पामतेल किंवा डालडा फरशीवर उडालेला, आणि रात्री पारा उतरला की तो थिजून कोटा फरशीवर मेणासारखा बसतो. दिसत नाही, पाय ठेवल्यावरच कळतो.

यावर पोछा मारणं म्हणजे एका कोपऱ्यातलं तेल चारही कोपऱ्यांत वाटणं. आधी सांडलेल्यावर मीठ किंवा भुसा टाकून ते टिपून उचलायचं. मग गरम पाण्यात धुण्याचा सोडा (खायचा नव्हे, तो फार सौम्य) किंवा डिग्रीजर (तेलकटपणा काढणारं रसायन). ओतून लगेच ओढू नका, काही मिनिटं मुरू द्या. मग कडक ब्रश, वायपरने मोरीकडे, आणि पुन्हा साधं पाणी, कारण राहिलेला फेसही निसरडाच. फिनाईलचा वास आला म्हणजे तेल गेलं, असं मात्र नाही.

नवी टाइल घेताना दुकानदाराला आर-नंबर विचारा, म्हणजे तेलावर तिची पकड किती ते कळतं. जर्मन चाचणीत टाइलवर इंजिन ऑइल ओततात आणि बूट घातलेल्या माणसाला त्यावर चालवत, पाय सुटेपर्यंत उतार वाढवत नेतात. आर-९ ला ६ ते १० अंश, आर-१२ ला २७ ते ३५. तळणाच्या जागेला मी आर-१२ च्या खाली जाणार नाही. घासायला ती कटकटीची असते हे खरं, पोरं कुरकुर करतात.

अडखळण्याला मात्र ना सोडा उपयोगी, ना टाइल. चालताना पायाचं बोट जमिनीपासून जेमतेम एक-दीड सेंटिमीटर वर असतं, त्यामुळे सेंटिमीटरभर उचललेली कड पुरते. मोरीची वर आलेली जाळी, उंबरा, वाटेत ठेवलेला तेलाचा डबा, भट्टीकडे जाणारी गॅसची नळी. जाळी ठोकून सपाट करायची, डबे वाटेतून हलवायचे, नळी भिंतीला क्लिप करायची. काम सोपं आहे, फक्त दिसायला हवं, कारण रोज त्यावरून जाणाऱ्याच्या नजरेतून ते गेलेलं असतं.

गोंधळ होतो तो इथे, की एकाचा इलाज दुसऱ्याचं कारण बनतो. एका किचनमध्ये कचोरी तळणारा तोंडावर पडला. मालक फरशी बदलायच्या गोष्टी करत होता. मी वाकून पाहिलं, तर भट्टीपुढे तेल शोषायला टाकलेलं बारदान, त्याला एक घडी पडलेली, घडीत पाय अडकलेला. फरशीचा दोष नव्हताच! रबरी मॅटचंही तसंच. कड वळली की ती घसरण्यापासून वाचवते आणि अडखळायला लावते. टाकायचीच तर उतरत्या कडांची, जड, आणि रोज उचलून खालून धुतलेली, नाही तर मॅटखालचं तेल तिलाच घेऊन पळतं.

चपलेचं काय सांगू? गुळगुळीत तळ घसरतो, आणि टाचेला सुटी असल्यामुळे तिचं टोक दुमडून अडकतं. दोन्हीकडून दगा. मी माझ्या पोरांना बंद बूट घेऊन दिलेत आणि पगारातून एक पैसाही कापलेला नाही. तरी उन्हाळ्यात कोणीतरी हळूच चप्पल घालून येतोच.