कूलंट कमी होतंय, खाली थेंब नाही: हेड गॅस्केट की बाहेरची गळती?

‘बाटलीतलं कूलंट कमी होतंय, पार्किंगमध्ये खाली एक थेंब नाही, म्हणजे नक्की हेड गॅस्केट गेलं.’ हे निदान इतक्या ठामपणे ऐकवलं जातं की गाडीचा मालक निमूटपणे हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवायला हो म्हणतो. मला या वाक्याचा मनस्वी कंटाळा आलाय. कूलंट म्हणजे इंजिन गार ठेवणारा द्रव, आणि हेड गॅस्केट म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील. थेंब न दिसणं हा ते सील गेल्याचा पुरावा होत नाही.

गाडीखाली टपकणारं एसीचं पाणी आणि कूलंट यांतला फरक तुम्हाला माहीत असणारच. बिनवासाचं, बोटाला न चिकटणारं ते एसीचं. रंगीत, बुळबुळीत आणि गोडसर वासाचं ते कूलंट. चाखून बघू नका, ते विषारी असतं. डबकं साचलं असेल तर कुत्र्या-मांजरांच्या तोंडी लागण्याआधी धुऊन टाका. या विषयावर एवढं पुरे.

खरी गल्लत पुढे आहे. बाहेरची गळती म्हणजे होज (रबरी नळ्या), क्लॅम्प, रेडिएटर, वॉटर पंप किंवा झाकण यांतून कूलंट बाहेर येणं. आतली गळती म्हणजे हेड गॅस्केट किंवा हेडमधून ते सिलिंडरमध्ये किंवा ऑइलमध्ये जाणं. बाहेरची गळती जमिनीवर दिसायलाच हवी, असं लोक धरून चालतात. पण रेडिएटरचं झाकण कुकरच्या शिट्टीसारखं काम करतं: साधारण 1 बारपर्यंत दाब धरून ठेवतं, म्हणून आतलं कूलंट शंभर अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. बारीक फट याच दाबाला उघडते. कूलंट झिरपतं, तापलेल्या इंजिनावर पडतं आणि तिथेच वाळतं. इंजिन गार झालं की दाब उतरतो आणि झिरपणंही थांबतं. सकाळी वाकून पाहाल तर फरशी कोरडी ठणठणीत.

वाफ उडून जाते, पण खूण मागे राहते. गार इंजिनावर टॉर्च मारा. वॉटर पंपाला खालच्या अंगाला एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की कूलंट तिथून बाहेर यावं म्हणूनच ते ठेवलेलं असतं. त्याच्याखाली हिरवट, गुलाबी किंवा पांढरट खरपुडीचा ओघळ दिसला तर पंप गेला. रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी आणि ॲल्युमिनियमची जाळी जिथे जुळतात तो सांधा आणि होजची टोकं यांवरही तशीच खरपुडी शोधा. डाव्या सीटसमोरचं कार्पेट चिकट ओलं असेल आणि काचेवर तेलकट वाफ धरत असेल, तर हीटर कोअर (केबिन गरम करणारा छोटा रेडिएटर) गळतोय.

झाकणाकडे तर कुणी बघतच नाही. त्याचं रबर कडक झालं की दाब टिकत नाही आणि कूलंट बाटलीत फेकलं जातं. त्यात एक उलटा व्हॉल्व्हही असतो. इंजिन गार होताना बाटलीतलं कूलंट परत आत ओढलं जातं ते त्याच्यातून. तो अडकला की बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा. बाटलीकडे बघून निश्चिंत राहणारे इथेच फसतात. (ज्या गाड्यांत दाबाचं झाकण बाटलीवरच असतं, तिथे हा घोळ होत नाही.) गरम असताना मात्र झाकणाला हात लावायचा नाही, फडकं घेऊनसुद्धा नाही.

आता हेड गॅस्केटचे म्हणून दाखवले जाणारे ‘पुरावे’. ऑइल भरायच्या झाकणाखाली पांढरी साय दिसली की लगेच निकाल लागतो. पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत ती साय नुसत्या दमटपणानेही धरते. डिपस्टिक ओढून बघा: तिथलं ऑइलही चहासारखं दुधाळ असेल तर काळजी करा. दुसरा पुरावा, थंड सकाळी सायलेन्सरमधून निघणारा पांढरा धूर. गाडी तापल्यावर तो थांबला तर ती साधी वाफ. नीट गरम होऊनही निघत राहिला आणि वास गोडसर असेल तर संशय घ्या. तिसरा, रेडिएटरमधले बुडबुडे. कूलंट नुकतंच बदललं असेल तर अडकलेली हवा निघत असते, ती थोड्या वेळाने संपते. गॅस्केटमधून येणारा वायू संपत नाही, रेस केलं की वाढतो. थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरातच वरचा होज दगडासारखा कडक झाला, तर माझंही मत हेडच्या बाजूला झुकेल.

तरीही आधी प्रेशर टेस्ट. गार इंजिनावर झाकणाच्या जागी हातपंप लावून झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरायची आणि दहा-पंधरा मिनिटं पंपावरचा दाबाचा काटा बघायचा. काटा उतरला आणि बाहेर ओल दिसली, तर विषय तिथेच संपला. बाहेर सगळं कोरडं असूनही काटा उतरला, तर स्पार्क प्लग काढा. एकच प्लग धुतल्यासारखा स्वच्छ असेल तर कूलंट त्या सिलिंडरमध्ये जातंय. पेट्रोल गाडीत निळ्या द्रवाची चाचणीही करून घ्या. रेडिएटरमधल्या हवेत जळालेला वायू असेल तर तो द्रव पिवळा पडतो. यातलं काहीही न करता ‘साहेब, हेड उतरवावं लागेल’ म्हणणाऱ्याला माझी गाडी मिळणार नाही.

दुरुस्तीबद्दल माझी मतं ठरलेली आहेत. रेडिएटरमध्ये हळद टाकायची नाही, लीक बंद करणारी पावडरही नाही. फटीआधी हीटरच्या बारीक नळ्या बुजतात. फुटलेल्या प्लॅस्टिक टाकीला एम-सील लावून घाट चढायचा नाही. पंप टायमिंग बेल्टवर चालत असेल तर बेल्टही सोबत बदला, कारण मजुरी तीच. बोअरवेलचं पाणी ओतू नका, क्षार साचतात. हेड खरंच उतरलं तर ते लेथवाल्याकडे सपाटी तपासायला गेलंच पाहिजे, नुसतं नवं गॅस्केट घालून बसवायचं नाही.

आणि ‘आपल्याकडे गरमी आहे, थर्मोस्टॅट काढून टाकू’ म्हणणाऱ्याच्या हातून तो परत घेऊन बसवायला लावा. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटची रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारा व्हॉल्व्ह. तो नसला की इंजिन तापायला वेळ लागतो आणि पेट्रोल जास्त जातं. काही इंजिनांत थर्मोस्टॅटच बायपासची वाट बंद करतो. तिथे तो काढला की बरंचसं कूलंट रेडिएटरला वळसा घालून तसंच गरम परत फिरतं, आणि चढावर तापमानाचा काटा आधीपेक्षा वर जातो.