डाळ खाल्ली की पोट का फुगतं? आमच्या गिऱ्हाइकांसाठी

"तुमची दाय खाल्ली का पोट फुगते बाप्पा," असं म्हणून मागच्या बाजाराच्या दिवशी एक काकू पाच किलोचं पुडकं आमच्या गिरणीच्या ओट्यावर ठेवून गेल्या. आम्ही ती डाळ चाळून पाहिली. खडा नाही, सोंडे नाहीत, चुरीही नावापुरतीच. पुडकं बदलून दिलं, पण नव्या पुडक्यानंही तेच होणार, हे आम्हाला ठाऊक होतं. म्हणून हा कागद छापून घेतला.

तूर, चणा, बरबटी (म्हणजे चवळी), वाल यांच्यात रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या साखरा असतात. त्या तोडणारा पाचक रस माणसाच्या शरीरात तयारच होत नाही. आम्ही तुरीची साल काढतो, तरी या साखरा जात नाहीत, कारण त्या दाण्यात असतात. तूरडाळीची फटका प्रत घ्या की सव्वानंबर, फरक भावात पडेल, यात नाही. लहान आतड्यातून ही साखर तशीच पुढे सरकते आणि मोठ्या आतड्यात जिवाणूंची पंगत बसते.

आता पंगतीत जेवणारे वेगळे आणि खरकटं काढणारे वेगळे. जेवणारे जिवाणू साखर आंबवतात. त्यातून जी आम्लं तयार होतात, ती बरीचशी आपल्या शरीराच्या कामी येतात. मागे उरतात हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि थोडं फॉर्मिक आम्ल (लाल मुंगी चावल्यावर चुरचुरतं ना, तेच). हे खरकटं साफ करणाऱ्याचं नाव मिथेनोब्रेव्हिबॅक्टर स्मिथी. नावात बॅक्टर असलं तरी हा जिवाणू नव्हे. याचं कूळ आर्किया, आणि ते कूळ वेगळं असल्याचं अमेरिकेतल्या कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी 1977 साली दाखवलं. याला डाळ खाता येत नाही, भाकरही नाही. दुसऱ्यांनी टाकलेल्या हायड्रोजनवर तो जगतो आणि त्याचा मिथेन करतो. गोबरगॅसच्या शेगडीत जळतो तोच मिथेन.

दोघांचं एकमेकांवाचून अडतं कसं, ते आमच्या गिरणीत दिसतं. चुनीचं (डाळ करताना निघणाऱ्या साली-चुऱ्याचं) पोतं भरलं आणि वेळेवर कुणी उचललं नाही, की मशीन तुंबतं आणि डाळ निघायची थांबते. हायड्रोजन साचला की आंबवणाऱ्यांचीही गाडी अशीच अडते. म्हणून क्रिस्टेन्सेनेला मिनुटा नावाचा एक बारीक जिवाणू या स्मिथीला चिकटून गाठी करून राहतो, हायड्रोजन या हातातून त्या हातात. त्याची नोंद 2012 साली जपानमध्ये झाली.

ज्यांच्या घरी गोबरगॅस आहे त्यांना हे सांगायला नको. नवी टाकी भरली की सुरुवातीची हवा काडी लावूनही पेटत नाही, सोडून द्यावी लागते. आंबवणारे आधी कामाला लागतात, मिथेनवाले सावकाश वाढतात.

आता गंमत बघा. हायड्रोजनचे चार भाग आणि कार्बन डायऑक्साइडचा एक, अशा पाच भागांतून मिथेनचा एकच भाग निघतो, बाकीचं पाणी. म्हणजे हा प्राणी पोटातली हवा वाढवत नाही, कमी करतो! मिथेनला वासही नसतो. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो गंधकाच्या वायूचा, आणि तो करणारे जिवाणू याच हायड्रोजनवर टपलेले असतात.

पण बाजू एकच नाही. मिथेनमुळे आतड्याची चाल मंदावते, आणि ज्यांच्या श्वासात मिथेन जास्त त्यांच्यात बद्धकोष्ठाची तक्रार जास्त आढळते. श्वासात कसा? आतड्यातून रक्तात, रक्तातून फुप्फुसात. (गाय मात्र बहुतेक सगळा ढेकरांतून सोडते. आमची चुनी खाणारीसुद्धा.) श्वासाची तपासणी होते, पिशवीत फुंकायचं असतं. त्यात हायड्रोजनसोबत मिथेनही मोजतात का, ते आधी विचारा. स्मिथीनं हायड्रोजन खाऊन टाकला असेल तर नुसत्या हायड्रोजनच्या आकड्यावरून काहीच कळत नाही. दहा लाख भागांत मिथेनचे 10 किंवा जास्त भाग निघाले तर तो वाढलेला धरतात. पोट महिनोन्‌महिने साफ होत नसेल, शौचातून रक्त जात असेल किंवा वजन उतरत असेल, तर आमच्या गिरणीवर नाही, डॉक्टरकडे जा.

घरी काय करायचं? चणा, वाल, बरबटी रात्री भरपूर पाण्यात भिजवा आणि ते पाणी फेकून द्या. त्यातल्या बऱ्याच साखरा पाण्यात उतरतात. मटकीला, मुगाला मोड आणले तर आणखी कमी होतात, कारण कोंबच त्या वापरतो. तूरडाळही तासभर भिजवून, पाणी बदलून शिजवा, वरण लवकर गळतं हा वरचा फायदा. ज्यांना डाळीची सवय नाही त्यांनी अर्ध्या वाटीपासून सुरू करावं. हिंग-जिऱ्याच्या फोडणीबद्दल आम्ही बोलणार नाही, ते खातं तुमच्या घरच्या आजीचं.

खडा, सोंडे किंवा कुबट वास निघाला तर पुडकं जरूर आणा, बदलून देऊ. पावती हरवली असली तरी चालेल, फक्त पुडकं अर्ध्याच्या वर शिल्लक असावं.