बाथरूम लावताना आधी पाणी बघा

शेल्फ किती आणि कुठे लावायचे हे ठरवायच्या आधी एक काम करा. घरातल्या शेवटच्या माणसाची अंघोळ झाली की आत जाऊन भिंतीवर थेंब कुठपर्यंत उडालेत ते बघा आणि पेन्सिलीने खूण करा. दोन तासांनी पुन्हा बघा. जो भाग तेव्हाही ओला असेल, तिथे कायमचं काहीही ठेवायचं नाही. जागा कमी पडते म्हणून पसारा होतो असं वाटतं. पण बहुतेक वेळा वस्तूंना सुकायला जागा नसते, म्हणून त्या पसरतात: साबण नळाच्या कडेला, ब्रश खिडकीत, टॉवेल दारावर.

आता सगळं बाहेर काढा आणि जुन्या चादरीवर मांडा. एकेक फळी आवरत बसू नका. सगळं एकत्र दिसल्याशिवाय शाम्पूच्या तीन अर्धवट बाटल्या आहेत हे कळत नाही. नियम सोपा ठेवा: प्रत्येक गोष्टीची एक वापरातली आणि फार तर एक शिल्लक. शिल्लक माल बाथरूमबाहेरच्या कोरड्या कपाटात.

क्रीम, लोशनच्या डब्यांवर उघड्या बरणीचं छोटं चित्र असतं आणि त्यात ६, १२ किंवा २४ असा आकडा. उघडल्यापासून तितके महिने ती वस्तू वापरायची. उघडल्याची तारीख लिहून ठेवली नाही तर या आकड्याचा काही उपयोग नाही, म्हणून डब्याच्या तळाला मार्करने तारीख टाका. टूथब्रश तीन-चार महिन्यांनी बदला, केस त्याआधी वाकले तर तेव्हाच. तो उभा आणि उघडा ठेवा. बंद टोपीत ओला राहिलेला ब्रश जंतूंना सोयीचा पडतो. जुनी ब्लेडं थेट कचऱ्यात टाकू नका, पत्र्याच्या डबीत साठवून डबी चिकटपट्टीने बंद करून टाका.

औषधं इथे नकोतच. आरशामागचं कपाट औषधांचंच असतं असा समज आहे, पण घरातली सगळ्यात दमट जागा तीच. ॲस्पिरिनच्या गोळ्यांना ओलाव्यात व्हिनेगरसारखा वास येऊ लागतो, कारण औषधाचं विघटन होऊन ॲसिटिक आम्ल तयार होतं. असा वास आला तर ती गोळी घेऊ नका. औषधं झोपायच्या खोलीत, उंचावर, कुलूप असलेल्या कप्प्यात ठेवा. मुदत संपलेली कमोडमध्ये टाकू नका.

साफसफाईच्या बाटल्यांबाबत आम्ही आग्रही आहोत. ब्लीच आणि टॉयलेट साफ करायचं ॲसिड एकाच टोपलीत ठेवू नका. दोन्ही सांडून एकत्र आले तर क्लोरीन वायू तयार होतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. ब्लीचजवळ अमोनिया असलेलं काच साफ करायचं द्रावणही नको. ॲसिडचं झाकण जरा सैल राहिलं तरी त्याच्या वाफेने कपाटातल्या बिजागऱ्या आणि नळ गंजतात. नवे बिजागर सहा महिन्यांत लाल पडत असतील तर आधी ॲसिडची बाटली कुठे आहे ते शोधा. यातलं काहीही पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवू नका.

बेसिनखालचं कपाट भरायच्या आधी ट्रॅपच्या, म्हणजे बेसिनखालच्या वाकड्या पाइपच्या, सांध्यांखाली रात्रभर कोरडा कागद ठेवा. सकाळी डाग दिसला तर आधी गळती थांबवा. ट्रॅपच्या नटाभोवती हात फिरेल इतकी, साधारण १० सेंमी जागा मोकळी सोडा, आणि अँगल कॉकपुढे, म्हणजे बेसिनचं पाणी बंद करायच्या छोट्या नळापुढे, काहीच ठेवू नका. पाइप फुटल्यावर टोपल्या बाजूला करायला वेळ नसतो.

शेल्फची खोली १० ते १२ सेंमी पुरते. त्याहून खोल शेल्फवर दुसरी रांग लागते आणि मागची बाटली विसरली जाते. तळाला जाळी किंवा भोकं हवीत. टॉवेलसाठी हुकापेक्षा दांडा चांगला: हुकावर घड्या पडून आतला भाग ओलाच राहतो आणि कुबट वास येतो. ७० सेंमी रुंद टॉवेल पूर्ण पसरायचा तर दांडा ७५ सेंमीचा घ्या. गिझरवर किंवा त्याच्या पाइपांवर कपडे टाकू नका, सेफ्टी व्हॉल्व्ह कायम मोकळा हवा.

चिकटणारे हूक पडतात ते बहुधा घाईमुळे. टाइलवर साबणाचा पातळ थर असतो, तो साध्या पाण्याने जात नाही. स्पिरिटने पुसा, पूर्ण सुकू द्या, हूक दाबून लावा आणि २४ तास काही अडकवू नका. रबरी वाटीचा हूक टाइलच्या सांध्यावर बसवला तर फटीतून हवा शिरते आणि तो सुटतो. खडबडीत टाइलवर तो टिकतच नाही.

वजनदार शेल्फला भोक पाडावंच लागतं. जागेवर चिकटपट्टी लावा म्हणजे बिट घसरत नाही. टाइल पार होईपर्यंत ड्रिलचा हॅमर (ठोके देणारा मोड) बंद ठेवून टाइलच्या बिटने सावकाश भोक पाडा, मग त्यात स्क्रू घट्ट धरणारी प्लॅस्टिकची गिट्टी बसवा. स्क्रूभोवती सिलिकॉन लावा, नाहीतर पाणी टाइलमागे मुरतं. नळाच्या सरळ वर आणि सरळ खाली ड्रिल लावू नका. आतले पाइप बहुधा तिथूनच जातात.

आमचा माणूस शेल्फसाठी माप घ्यायला येईल तेव्हा तीन गोष्टी तयार ठेवा: भिंतीवरची पाण्याची खूण, घरातल्या सगळ्यात उंच बाटलीची उंची, आणि आतल्या पाइपांचा फोटो किंवा नकाशा असेल तर तो. सगळ्यात बुटक्या मोठ्या माणसाचा हात कुठवर पोहोचतो तेही सांगा, वरचा शेल्फ त्याच मापाने लागेल.