हॅमस्टर

हॅमस्टर हा क्रिसेटिडी कुळातला कुरतडणारा छोटा प्राणी. जाती वीसेक धरतात, कोणाचं वर्गीकरण मानता त्यावर आकडा थोडा मागेपुढे होतो. सगळ्या मूळच्या युरोप-आशियातल्या. अंग गुबगुबीत, शेपूट नावापुरती, पुढच्या पायाला चार बोटं आणि मागच्याला पाच, नजर कमजोर पण नाक-कान एकदम तिखट. रोबोरोव्स्की हॅमस्टर जेमतेम ५ सेंमी भरतो, तर काळ्या पोटाचा युरोपियन हॅमस्टर ३० सेंमीपर्यंत जातो. पटाशीचे दात मरेपर्यंत वाढत राहतात, त्यामुळे कुरतडणं थांबवून चालत नाही.

खरी ओळख म्हणजे गालातल्या पिशव्या. त्या खांद्याच्याही मागे जातात, दाणे त्यातच कोंबून बिळात नेऊन साठवायचे. सीरियातल्या अलेप्पो शहरात राहिलेल्या डॉक्टर अलेक्झांडर रसेलच्या ग्रंथाच्या १७९४ च्या आवृत्तीत अशा एका प्राण्याच्या पिशव्यांतून काढलेल्या शेंगांचा ढीग प्राण्याच्याच तिप्पट झाल्याचं लिहिलंय. हा सीरियन हॅमस्टरच असावा असं बहुतेक मानतात, शास्त्रीय वर्णन मात्र प्राणिशास्त्रज्ञ वॉटरहाउसने १८३९ मध्ये केलं.

पाळीव सीरियन हॅमस्टरच्या वंशाची गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे. १९३० मध्ये इस्रायल अहारोनी या प्राणिशास्त्रज्ञाने अलेप्पोजवळच्या शेतातून एक मादी आणि तिची पिल्लं खणून काढली, कारण जेरुसलेममध्ये सॉल अ‍ॅडलर या संशोधकाला लेशमानियासिस या परजीवींमुळे होणाऱ्या रोगाच्या अभ्यासासाठी प्राणी हवे होते, पुढे काही मेली, काही पळाली आणि उरलेल्या तीन-चार भावंडांपासूनच वंश वाढला. आजचे सगळे पाळीव सीरियन हॅमस्टर यांचेच वंशज, असं सर्रास लिहितात, पण १९७१ पासून थोडे नवीन प्राणीही पकडून नेलेत, तेव्हा 'जवळजवळ सगळे' म्हणणं बरं. अहारोनीने खणलेलं बीळ अडीच मीटर खोल होतं, हेही असंच जपून घ्यावं. २००१ मध्ये छापलेल्या पाहणीत बिळांची सरासरी खोली ६५ सेंमी आणि सगळ्यात खोल बीळ मीटरभराच्या थोडंसं पुढे निघालं, आणि प्रत्यक्ष मोजलेलं असल्यामुळे हेच जास्त पटतं.

दुसरा वाद दिवस-रात्रीचा. पिंजऱ्यात हा प्राणी पक्का निशाचर, चाकावर रात्रभर पळतो. पण गाटरमान या प्राणिशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दक्षिण तुर्कस्तानातल्या रानटी माद्यांवर काम प्रसिद्ध केलं त्यात त्या सकाळ-संध्याकाळ उजेडात बाहेर पडताना दिसल्या, रात्री क्वचितच. रात्रीच्या शिकाऱ्यांपासून वाचायला हे असेल असा एक अंदाज आहे. अभ्यास माद्यांपुरताच, त्यामुळे नरांना तो सरसकट लावू नये, तरी 'हॅमस्टर निशाचर' हे वाक्य आता जपूनच वापरावं.

सीरियन हॅमस्टर एकलकोंडा, एका बिळात एकच प्रौढ, कुशीवरच्या ग्रंथींच्या वासाने हद्द आखतो आणि दुसरा आत आला की मारामारी. गर्भकाळ फक्त १६ दिवस, आयुष्य साधारण २-३ वर्षं. कॅम्पबेल ड्वार्फ या बुटक्या जातीत मात्र नरही पिल्लांची काळजी घेतो, बाळंतपणातही मदत करतो. जुंगारियन ड्वार्फ हिवाळ्यात पांढरा पडतो, ते थंडीपेक्षा दिवस लहान झाल्यामुळे. शीतनिष्क्रियता, म्हणजे हिवाळाभराची गाढ झोप, सगळ्या जातींत सारखी नाही, युरोपियन हॅमस्टर ती नीट पाळतो, मधेमधे उठून साठवलेलं खातो.

युरोपियन जात २०२० पासून आययूसीएन या निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत अतिसंकटग्रस्त आहे. त्यामागे आहाराचाही हात असावा असा संशय आहे. फ्रान्समध्ये झालेल्या प्रयोगात मुख्यतः मक्यावर ठेवलेल्या माद्या स्वतःची पिल्लं खायला लागल्या, आणि आहारात ब-३ जीवनसत्त्व दिल्यावर ते थांबलं.