पार्श्वभूमी: जाहीर न झालेली बंदी आणि जेझुइट संघ

जेझुइट म्हणजे कॅथलिक चर्चमधला व्रतस्थांचा एक संघ. त्याची १५४० मधली स्थापना, गोव्यातलं आगमन आणि छापखाना हा भाग वाचकांच्या परिचयाचा आहे. राहणीबाबत एवढंच लक्षात घ्यावं: दिवसातून ठरलेल्या वेळी एकत्र जमून प्रार्थना गाण्याचं जुन्या संघांचं बंधन इथं नव्हतं, वेगळा झगा नव्हता, मठाची चौकटही नव्हती. माणूस फिरता राहावा, हा हेतू. दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन यांखेरीज काही सदस्य चौथं व्रत घेत: पोप पाठवतील तिथं जायचं.

पुढे पोपांनीच संघ मोडला. त्याआधी पोर्तुगालनं १७५९ मध्ये जेझुइटांना हाकललं. गोव्यात अटका झाल्या, अनेकांना जहाजानं लिस्बनच्या तुरुंगात नेलं. फ्रान्स आणि स्पेननं तोच मार्ग धरला. या दरबारांच्या दबावाखाली २१ जुलै १७७३ रोजी विसर्जनाचा आदेश निघाला. तेव्हा सदस्य होते २२,००० च्या आसपास. संघप्रमुख रोमच्या किल्ल्यात कैद झाले आणि १७७५ मध्ये तिथंच वारले.

मात्र आदेशाची अंमलबजावणी स्थानिक बिशपांनी तो संघाच्या प्रत्येक निवासात कळवण्यावर अवलंबून होती. पोलंडच्या पहिल्या फाळणीत पोलोत्स्कसारखी काही ठिकाणं रशियाकडे गेली होती. रशियाच्या सम्राज्ञीला जेझुइटांच्या शाळा हव्या होत्या. तिनं आदेश जाहीरच होऊ दिला नाही. मग तिथले जेझुइट बंदीखाली होते की नव्हते? जो हुकूम रीतसर कळवलेला नाही तो लागू नाही, असं समर्थक म्हणत. विरोधक विचारत, पोपांची इच्छा जगजाहीर असताना चौथ्या व्रताचं काय? खरं तर व्रत पाठवणीपुरतं होतं, पण आक्षेपाला वजन आहे. पोलोत्स्कमध्ये १७८० मध्ये नवशिक्यांची भरती सुरू झाली, तेव्हा ‘आहेत ते टिकून आहेत’ हा बचावही लंगडा पडला. नव्या पोपांनी आधी मोघम उत्तर दिलं, १७८३ मध्ये तोंडी संमती दिली. लेखी मान्यता १८०१ मध्ये, त्यांच्या वारसाकडून. तोंडी संमतीला एवढं महत्त्व द्यावं का, हा वाद मला तरी मिटलेला वाटत नाही.

सर्वत्र पुनःस्थापना १८१४ मध्ये झाली. गंमत म्हणजे १८२० मध्ये रशियानंच त्यांना बाहेर काढलं. मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात आलेले जर्मन जेझुइट या पुनर्स्थापित संघाचे. त्यांचं सेंट झेवियर्स कॉलेज १८६९ चं. सदस्यसंख्या १९६५ च्या सुमारास ३६,००० वर होती, आता १५,००० च्या खाली आहे. २०१३ मध्ये प्रथमच एक जेझुइट पोप झाला.